शेतघर विकणे आहे, शेत वगळून

इंग्लंडच्या ग्रामीण भागातील जुनी शेतघरे बागा आणि आवारातील इमारतींसह विक्रीला येतात, तेव्हा त्यांच्यासोबतची शेतजमीन बहुधा वेगळी काढली जाते. वास्तू जपणारे कायदे तेथे कडक आहेत, मात्र त्या वास्तूत शेतकरी टिकेल याची तजवीज कोणत्याच कायद्यात नाही. वारसा कराच्या वादाने या विसंगतीवर बोट ठेवले आहे. महाराष्ट्रात चित्र नेमके उलटे असले, तरी त्याचा शेवट फारसा वेगळा नाही.

ऑगस्ट २०१६ मध्ये इंग्लंडच्या वायव्येकडील लेक डिस्ट्रिक्टमध्ये बॉरोडेल खोऱ्यातील थॉर्नीथ्वेट नावाचे डोंगरी शेत विक्रीला निघाले. जुने दगडी घर, भोवतीच्या इमारती आणि सुमारे तीनशे एकर जमीन असा हा पसारा होता. विक्रीसाठी त्याचे दोन हिस्से पाडण्यात आले. एकात घर व इमारती होत्या, दुसऱ्यात जमीन. ‘नॅशनल ट्रस्ट’ या वारसा जतन करणाऱ्या संस्थेने साडेनऊ लाख पौंड मोजून जमीन घेतली. घर मात्र घेतले नाही.

त्यानंतर जो गदारोळ झाला, तो एखाद्या घराच्या व्यवहारासाठी अभूतपूर्वच म्हणावा लागेल. त्याच परगण्यातले लेखक आणि लॉर्ड्स सभागृहाचे सदस्य मेल्विन ब्रॅग यांनी ट्रस्टवर जाहीरपणे कठोर टीका केली. शेतघराविना जमीन म्हणजे शेत नव्हे, मेंढपाळ राहणार कुठे, असा टीकाकारांचा सवाल होता. निसर्गाच्या दृष्टीने जमीन अधिक महत्त्वाची होती, असे ट्रस्टचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी, जुलै २०१७ मध्ये, युनेस्कोने लेक डिस्ट्रिक्टला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. त्या दर्जाच्या कारणांमध्ये तेथील शेती आणि मेंढपाळीची परंपरा हे एक प्रमुख कारण होते.

थॉर्नीथ्वेटची चर्चा झाली ती खरेदीदार ख्यातनाम होता म्हणून. एरवी असे विभाजन हा तेथील बाजारातला नित्याचा प्रकार आहे.

जाहिरातीतला साचा

ब्रिटनमधील मालमत्ता दलालांच्या जाहिरातींचा एक ठरलेला साचा आहे. सतराव्या किंवा अठराव्या शतकातील शेतघर, ‘ग्रेड टू’ सूचीबद्ध. चार-पाच शयनगृहे, उघड्या तुळया, रुंद चूल. भिंतीने वेढलेली बाग, फळबाग, घोड्यांसाठी कुंपण घातलेले लहानसे कुरण. आणि शेवटी ‘पारंपरिक इमारतींची रांग’, म्हणजे कोठार, गोठा, तबेला, गाडीखाना. ‘परवानगी मिळाल्यास’ त्यांचे रूपांतर करता येईल, अशी पुस्तीही तिला जोडलेली असते.

त्याच जाहिरातीत अनेकदा खाली लिहिलेले असते की मालमत्ता संपूर्ण अथवा हिश्श्यांत उपलब्ध आहे. पहिल्या हिश्श्यात घर, बाग, इमारती आणि पाच-दहा एकर जमीन, उरलेल्या हिश्श्यांत शेते. याचे कारण साधे आहे. शहरातून येणाऱ्या खरेदीदाराला घर हवे असते आणि खिडकीतून दिसेल एवढी हिरवळ हवी असते. दोनशे एकरांचा व्याप त्याला नको असतो. शेजारच्या शेतकऱ्याला जमीन हवी असते, पण लंडनच्या पैशाने ठरलेली घराची किंमत त्याला पेलत नाही. त्यामुळे दोन तुकड्यांची बेरीज अखंड शेतापेक्षा अधिक भरते. विकणारा बहुतेक वेळा निवृत्त होऊ पाहणारा शेतकरी किंवा त्याची मुले असतात. त्यांनी चार पैसे अधिक मिळवले, तर त्यांना दोष देता येणार नाही.

व्यवहार पूर्ण झाला की घराचे नाव ‘शेतघर’च राहते. दारावरच्या पाटीवरही तेच असते. मात्र त्या दिवसापासून ते शेतघर नसते.

कोठाराला दोन दारे का?

इंग्लंडच्या गावांतील जुनी दगडी आणि लाकडी घरे कधी बांधली गेली, याविषयी इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५३ मध्ये एक प्रसिद्ध सिद्धान्त मांडला. साधारण १५७० ते १६४० या काळात ग्रामीण इंग्लंडची मोठी पुनर्बांधणी झाली, असे ते म्हणतात. धान्याचे भाव चढे होते, मध्यम शेतकऱ्याच्या हाती पैसा होता आणि त्याने तो घरात घातला. पुढच्या अभ्यासकांनी या कालखंडाविषयी मतभेद व्यक्त केले, तरी शेतीच्या नफ्यातून घरे उभी राहिली हे सूत्र कायम राहिले. त्यानंतर प्रामुख्याने १७५० ते १८५० या शतकात संसदेच्या कायद्यांनी सामाईक जमिनींना कुंपणे घातली गेली. विखुरलेले पट्टे एकत्र झाले, तसे अनेक शेतकऱ्यांनी गाव सोडून शेताच्या मध्यावर नवी घरे बांधली. माळावर एकटे उभे असलेले ज्याला आज आपण टिपिकल इंग्रजी शेतघर समजतो, ते पुष्कळदा या काळातले असते. त्याच प्रक्रियेत गावकुसाबाहेरच्या कित्येक गरिबांचा चराईचा हक्क गेला, हेही त्या सौंदर्याबरोबर लक्षात ठेवावे लागते.

जाहिरातीत ‘इतर इमारती’ म्हणून ज्यांची बोळवण होते, त्यांतली प्रत्येक इमारत एकेका कामासाठी होती. मळणीच्या कोठाराला समोरासमोर दोन मोठी दारे असत. दोन्ही उघडली की मधल्या फरशीवरून वारा वाहे आणि त्यावर उफणणी होई. आपल्याकडे खळ्यावर वाऱ्याची दिशा धरून जे काम होत असे, तेच पावसाळी देशात छपराखाली करण्याची ही युक्ती होती. धान्याचे कोठार अळंब्याच्या आकाराच्या दगडांवर उभारले जाई, म्हणजे उंदरांना वर चढता येत नसे. केंट परगण्यात बिअरसाठी लागणारी हॉप ही फुले वाळवण्यासाठी गोल वा चौकोनी भट्टीघरे होती. कबुतरखाने होते, ते मांसासाठी.

आज ते अळंबीसारखे दगड जुन्या वस्तूंच्या दुकानांत बागेची शोभा म्हणून विकले जातात. कोठाराची दोन दारे काचेने बंद होऊन तेथे दिवाणखाना होतो. इमारत शाबूत राहते, पण ती अशीच का बांधली होती, हे सांगणारे तेथे कोणी उरत नाही.

कायदा वास्तू राखतो

जुन्या वास्तूंच्या संरक्षणाबाबत मात्र इंग्लंडकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यापासून तेथे वास्तूंची राष्ट्रीय सूची पद्धतशीर तयार होऊ लागली. आज त्या सूचीत चार लाखांच्या जवळपास नोंदी आहेत आणि त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक ‘ग्रेड टू’ श्रेणीच्या आहेत. १७०० पूर्वीची आणि मूळ स्वरूपाच्या जवळ असलेली कोणतीही इमारत सूचीत जाण्याचीच शक्यता अधिक. त्यामुळे सामान्य शेतकऱ्याचे घरही राजवाड्याच्या बरोबरीने त्या यादीत बसते.

१९९० च्या सूचीबद्ध वास्तू कायद्याने हे संरक्षण घरापुरते ठेवलेले नाही. मुख्य वास्तूच्या आवारात १ जुलै १९४८ पूर्वीपासून असलेली बांधकामेही सूचीबद्ध मानली जातात. म्हणजे गोठ्याचे कौलारू छप्पर किंवा बागेची विटांची भिंतही परवानगीशिवाय हलवता येत नाही. विनापरवाना फेरफार हा फौजदारी गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि अमर्याद दंडाची तरतूद आहे. आधीच्या मालकाने केलेल्या चुकीबद्दल नव्या मालकाला शिक्षा होत नाही. परंतु ती दुरुस्त करून देण्याची नोटीस त्याला येऊ शकते, आणि त्या नोटिशीला कालमर्यादा नाही. घर घेणारे म्हणूनच आधी वकील गाठतात. छपरात वटवाघळांचे वास्तव्य असेल, तर १९८१ च्या वन्यजीव कायद्याची बंधने वेगळी.

या संरक्षणाची किंमत मालक मोजतो. ब्रिटनमध्ये नव्या घराच्या बांधकामावर मूल्यवर्धित कराचा दर शून्य आहे, तर जुन्या घराच्या दुरुस्तीवर सर्वसाधारण दर २० टक्के. सूचीबद्ध वास्तूंतील मंजूर बदलांना पूर्वी असलेली सूट ऑक्टोबर २०१२ पासून काढून घेण्यात आली. चुन्याचा गिलावा करणारे, गवती छप्पर शाकारणारे कारागीर कमी आणि महाग. शेतीच्या उत्पन्नातून हा खर्च निघत नाही, हे उघड आहे. शहरातून आलेल्या पैशाने अनेक जुनी घरे वाचवली, ही बाबही न्यायाने नमूद केली पाहिजे. ती पडकी राहिली असती, तर आज या चर्चेला विषयच उरला नसता.

मुद्दा एवढाच की सूची ही वास्तूची असते. त्या घरात कोण राहतो, आवारातील गोठ्यात गुरे आहेत की मोटारी, याच्याशी तिला कर्तव्य नाही. बागांसाठी स्वतंत्र नोंदवही आहे, तीत सुमारे १,७०० उद्याने आहेत. शेतीचा व्यवसाय मात्र कोणत्याच सूचीत नाही.

याहून गमतीची बाब नव्या घरांबाबत आहे. मोकळ्या शेतात सहसा घर बांधू दिले जात नाही. शेतकऱ्याची निकड पटल्यास परवानगी मिळते, ती या अटीवर की त्या घरात शेतीत काम करणाऱ्यानेच राहावे. त्या अटीमुळे घराची किंमतही उतरते. परिणामी गेल्या पन्नास-साठ वर्षांतला एखादा सामान्य बंगला कायद्याने शेतकऱ्यासाठी राखीव असतो आणि त्याच्या शेजारचे चारशे वर्षांचे शेतघर बँकेतला अधिकारी घेऊ शकतो. जुन्या घरांवर अशी अट कधी नव्हतीच, कारण ती बांधली तेव्हा तेथे शेतकऱ्याखेरीज दुसरे कोणी राहील असे कुणाला वाटले नव्हते.

एक घर, तीन व्याख्या

सरकारी दप्तरात ‘शेतघर’ म्हणजे काय, याचे उत्तर कोणता कायदा विचारतो त्यावर अवलंबून आहे.

खरेदीच्या वेळचा मुद्रांक कर घेऊ. निवासी मालमत्तेला १५ लाख पौंडांवरील रकमेवर १२ टक्क्यांपर्यंत दर लागतो. शेतीसह असलेल्या मिश्र मालमत्तेला कमाल ५ टक्के. एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी २० लाख पौंडांचे घर निव्वळ निवासी ठरले, तर कर १ लाख ५३ हजार ७५० पौंड होतो. मिश्र ठरले, तर ८९ हजार ५०० पौंड. फरक ६४ हजार पौंडांहून अधिक. साहजिकच खरेदीनंतर आपले कुरण ‘शेती’ आहे, असे सांगणाऱ्यांची न्यायाधिकरणापुढे रांग लागली. २०२२ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने अशा काही प्रकरणांत निकाल दिला. ‘बाग वा आवार’ म्हणजे घराच्या वाजवी उपभोगासाठी लागेल तेवढेच क्षेत्र, ही मर्यादा न्यायालयाने मान्य केली नाही. त्या प्रकरणांतील एक मालमत्ता कोठार आणि कुरण असलेले शेतघरच होते. त्याच्यावर निवासी दरानेच कर बसला.

मृत्यूनंतरचा वारसा कर मात्र उलट प्रश्न विचारतो. १९८४ च्या कायद्यानुसार शेतजमिनीबरोबर शेतघरालाही सवलत मिळते. अट अशी की त्या घराचे स्वरूप जमिनीला साजेसे असावे. वूस्टरशायरमधील कुकहिल प्रायरी या घराचे प्रकरण याबाबत पायाभूत मानले जाते. मध्ययुगात तेथे जोगिणींचा मठ होता, पुढे ते मोठे निवासस्थान झाले. तेथे राहून सव्वाशेहून अधिक एकर जमीन कसणाऱ्या वृद्ध मालकिणीच्या निधनानंतर कर खात्याने हे शेतघर नसल्याचा दावा केला. २००२ मध्ये तो फेटाळण्यात आला. त्या अनेक दशके स्वतः शेती करत होत्या आणि घर त्या शेतीचे केंद्र होते.

पण प्रकरण तेथे थांबले नाही. सवलत मिळते ती घराच्या ‘शेतीमूल्या’पुरती. बाजारात त्या घराला ६ लाख ८ हजार पौंड मिळाले असते. २००५ मध्ये न्यायाधिकरणाने असे धरले की हौसेने ग्रामीण जीवन जगू पाहणाऱ्या धनिकांच्या बोल्या वगळल्या पाहिजेत, आणि मूल्य ३० टक्क्यांनी कमी म्हणजे सुमारे ४ लाख २६ हजार पौंड ठरवले. शेतकऱ्यासाठीचे घर आणि श्रीमंतासाठीचे तेच घर यांत किती अंतर पडले आहे, याचा हा न्यायालयीन आकडाच होय. दिवसेंदिवसाची शेती जो करतो तो शेतकरी, असेही मत त्या वेळी नोंदवले गेले.

तिसरी व्याख्या वास्तू सूचीची, जिला शेतीचे काहीच पडलेले नाही.

ट्रॅक्टर लंडनमध्ये का आले?

३० ऑक्टोबर २०२४ रोजी अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी अर्थसंकल्पात जाहीर केले की शेतजमिनीला १९९२ पासून मिळणारी शंभर टक्के वारसा कर सवलत ६ एप्रिल २०२६ पासून मर्यादित होईल. पहिल्या १० लाख पौंडांपर्यंत पूर्ण सवलत, त्यापुढे निम्मी, म्हणजे प्रत्यक्षात २० टक्के कर. १९ नोव्हेंबर रोजी हजारो शेतकरी लंडनच्या व्हाइटहॉलमध्ये जमले. पुढे ट्रॅक्टरही आले.

सरकारचा युक्तिवाद पोकळ नव्हता. या सवलतीच्या एकूण रकमेपैकी ४० टक्के लाभ वरच्या ७ टक्के मालमत्तांना मिळत होता. कर वाचवण्यासाठी धनिक जमिनी घेतात आणि त्यामुळे भाव वाढतात, ही तक्रार शेतकरीही करत होते. शेतकऱ्यांचा युक्तिवादही तितकाच खरा होता. जमिनीचा भाव एकरी १० हजार पौंडांच्या आसपास. तीनशे एकर आणि घर मिळून मालमत्ता सहज ४० लाखांवर जाते. वर्षाचे उत्पन्न त्या मानाने तुटपुंजे, आणि युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर २०२१ पासून थेट अनुदानेही टप्प्याटप्प्याने बंद होत गेली.

मूळ प्रस्तावानुसार अशा ४० लाखांच्या एकल मालकीच्या शेतावर, इतर सवलती बाजूला ठेवल्यास, ६ लाख पौंड कर बसला असता. डिसेंबर २०२५ मध्ये सरकारने माघार घेत मर्यादा २५ लाखांवर नेली. पती-पत्नीच्या सवलती जोडल्या, तर ती ५० लाख होते. त्याच हिशेबाने एकल मालकाचा कर ३ लाखांवर येतो. तो दहा वार्षिक हप्त्यांत बिनव्याजी भरता येतो.

तरीही वर्षाला ३० हजार पौंड कोठून आणायचे, हा प्रश्न वारसापुढे राहतो, आणि त्याचे सर्वांत सोपे उत्तर आवारात उभे असते. जमीन विकली तर शेती संपते, म्हणून आधी घर आणि इमारती विकल्या जातात. २०१४ पासून सूचीबद्ध नसलेल्या कृषी इमारतींचे घरात रूपांतर करण्यासाठी पूर्ण नियोजन परवानगीची गरज उरलेली नाही. २०२४ मध्ये त्या नियमाची व्याप्ती वाढवून दहा घरांपर्यंत नेण्यात आली. जमीन राखण्यासाठी आवार विकायचे आणि स्वतः गावाबाहेरच्या बंगल्यात राहायला जायचे, हा मार्ग अनेकांना व्यवहार्य वाटतो. तो व्यवहार्य आहेही. मात्र थॉर्नीथ्वेटच्या वादातला प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो. पहाटे दोनला मेंढी विण्याला आली, तर तिच्याजवळ कोण असेल?

तिन्ही शक्यता

घर आणि शेत यांचे नाते टिकवण्याचे प्रयत्न इंग्लंडमध्ये झालेच नाहीत, असे नाही. ‘पीटर रॅबिट’च्या लेखिका बिअट्रिक्स पॉटर यांनी १९०५ मध्ये लेक डिस्ट्रिक्टमधील हिलटॉप हे शेत घेतले. शेती पाहणाऱ्या कुटुंबाला बाहेर न काढता त्यांच्यासाठी घराला नवा भाग जोडला. पुढे त्या हर्डविक जातीच्या मेंढ्यांच्या नामांकित पैदासकार झाल्या. १९४३ मध्ये मृत्यू आला, तेव्हा त्यांनी १४ शेते आणि चार हजारांहून अधिक एकर जमीन नॅशनल ट्रस्टला दिली. डोंगरी शेतांवर हर्डविक मेंढ्याच राहाव्यात, अशी इच्छाही सांगून ठेवली. ज्या संस्थेकडे हा वारसा आला, तिनेच थॉर्नीथ्वेटचे घर सोडून दिले म्हणून २०१६ चा वाद इतका झोंबला.

ससेक्समधील चार्ल्सटन या शेतघराची कथा वेगळी. १९१६ मध्ये चित्रकार व्हनेसा बेल आणि डंकन ग्रँट तेथे भाड्याने राहायला आले. त्यांनी भिंती, दारे, कपाटे रंगवली, बाग फुलवली. आज ते संग्रहालय आहे. शेतघर येथेही वाचले, पण कलावंतांचे घर म्हणून.

केंटमधील सिसिंगहर्स्ट तिसऱ्या प्रकारचे. १९३० मध्ये व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि हॅरोल्ड निकोल्सन यांनी ते शेतासह विकत घेतले आणि तेथे जगप्रसिद्ध बाग उभारली. १९६७ मध्ये ते ट्रस्टकडे गेले. बाग बहरली, मात्र भोवतीची मिश्र शेती हळूहळू संपली. या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांचे नातू, लेखक अॅडम निकोल्सन यांनी आग्रह धरला की तेथील उपाहारगृहात त्याच जमिनीतले अन्न मिळावे आणि शेत पुन्हा जिवंत व्हावे. संस्थेतील अनेकांना ते गैरसोयीचे वाटले. अखेरीस प्रयोग सुरू झाला. बाग जपणे सोपे आणि तिच्यामागचे शेत जपणे अवघड, हे त्या अनुभवाने दाखवून दिले.

आपल्याकडचा आरसा

महाराष्ट्रात यातले बरेच काही ओळखीचे वाटेल. कोकणातील घर म्हणजे ओटी, पडवी, माजघर यांच्यासोबत गोठा, मांगर, विहीर, पुढचे खळे आणि मागची पोफळी-नारळाची बाग. देशावरच्या वाड्यात देवडी, चौक, भिंतीतले बळद, गुरांचा सोपा. इंग्रजी शेतघराप्रमाणे हीदेखील राहण्याची आणि राबण्याची एकत्र जागा होती.

आपला कायदा मात्र दुसऱ्या टोकाला उभा आहे. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. इंग्लंडमध्ये असे बंधन नाही. तेथे कोणीही शेत घेऊ शकतो. याउलट त्यांच्याकडे घराला असलेले संरक्षण आपल्याकडे नाही. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे, काही शहरांच्या याद्या आहेत. खेड्यातील चौसोपी घर मात्र सहसा कोणत्याच यादीत नसते. त्याच्या सागवानी तुळया, खांब, कोरीव दारे सुटी काढून विकली गेली, तर कोणी अडवत नाही. त्या वस्तू शहरांतल्या हॉटेलांत आणि बंगल्यांत शोभेला लागतात, इंग्लंडातल्या अळंबीच्या दगडांसारख्याच.

नोंदींतही घर आणि शेत आपण वेगळेच ठेवले आहे. शेत सातबारावर, गावठाणातले घर ग्रामपंचायतीच्या दप्तरात. २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून गावठाणातील घरांना मिळकत पत्रिका दिल्या जाऊ लागल्या. त्यामुळे घरावर कर्ज मिळणे आणि घर विकणे सुलभ झाले. हे आवश्यक होते. मात्र घर स्वतंत्रपणे बाजारात येण्याचा रस्ताही त्याने मोकळा केला, आणि त्या घरांपैकी जतन करण्यासारखी कोणती, याची पाहणी मोजणीबरोबर झाली नाही. सामाईक वारसांची लांबलचक यादी, मुंबई-पुण्यात स्थिरावलेली पिढी आणि दर पावसाळ्यात कोसळणारी एक भिंत, एवढ्यावर पुढचे सारे आपोआप घडते.

दुसरीकडे कर्जत, मुळशी, अलिबाग या पट्ट्यात ‘फार्महाऊस’ हा शब्द जोरात विकला जातो. तेथे त्याचा अर्थ शनिवार-रविवारचा बंगला. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने १९६६ मध्येच शेतघराची व्याख्या करून ठेवली आहे. अवजारे, खत आणि चारा ठेवणे, धान्य साठवणे, गुरांना निवारा देणे आणि धारकाच्या कुटुंबाने, गड्यांनी किंवा कुळांनी राहणे, हे सारे तिने एका शब्दात बसवले आहे. घर, आवार आणि शेत यांना एकत्र पाहणारी इतकी नेमकी व्याख्या हाताशी असूनही तिचा उपयोग आपण प्रामुख्याने बिगरशेती परवानगी टाळण्यासाठी करतो.

काय करता येईल?

इंग्लंडच्या अनुभवातून एक गोष्ट स्पष्ट होते. नुसत्या वास्तूला संरक्षण दिले, तर ती श्रीमंताकडे जाते. महाराष्ट्राचा अनुभव सांगतो की नुसत्या जमिनीला संरक्षण दिले, तर घर पडते. दोन्हीकडे हरते ते या दोहोंमधले नाते.

त्यावरचे उपाय फार क्रांतिकारक नाहीत. तिकडे शेत हिश्श्यांत विकण्याआधी तेथे राहून कसू इच्छिणाऱ्याला अखंड घेण्याची पहिली संधी देता येईल. दुरुस्तीवरचा कर नव्या बांधकामाच्या बरोबरीला आणता येईल. निदान वारसा जपणाऱ्या संस्थांनी तरी जमीन घेताना घर आणि घर घेताना शेतकरी विसरू नये.

आपल्याकडे तालुकावार जुन्या शेतघरांची साधी नोंद हे पहिले पाऊल ठरेल. मिळकत पत्रिकेच्या निमित्ताने प्रत्येक गावठाणाचा नकाशा तयार होतच आहे. त्यात घराचे वय आणि बांधणीचा प्रकार असे दोन रकाने वाढवण्यास मोठा खर्च येणार नाही. जो धारक जमीन कसतो आणि जुन्या घरात राहतो, त्याला दुरुस्तीसाठी अल्प व्याजाचे कर्ज दिले, तर ते घर पाडून सिमेंटचे बांधण्याची घाई तो करणार नाही. कृषी पर्यटनाला प्रोत्साहन देताना नव्या खोल्यांऐवजी जुन्या मांगराच्या दुरुस्तीला प्राधान्य देणेही शक्य आहे.

थॉर्नीथ्वेटची जमीन आज ट्रस्टकडे आहे. घराचा व्यवहार वेगळा झाला. कागदोपत्री दोन्ही सुरक्षित आहेत. त्या घरातून उठून त्या जमिनीवर जाणारा माणूस कोणत्याच हिश्श्यात धरलेला नव्हता, आणि आपल्या सातबारा व मिळकत पत्रिकेच्या मध्येही त्याची जागा अद्याप रिकामीच आहे.